नागपूरचा उन्हाळा, पहिली पाळी आणि सायकल: पाच महिन्यांनंतर

माझी पाळी सकाळी 7 ची. म्हणजे जाताना गार वारा आणि सुटल्यावर साडेतीनचं ऊन. मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसी, रिंग रोडने एका बाजूचे 11 किलोमीटर. फेब्रुवारीत सायकलची उन्हाळ्यासाठी तयारी केली तेव्हा साडेतीन हजार गेले. आता जून संपत आलाय, तर त्यातलं काय वसूल झालं ते सांगतो.

आधी फजिती. टायर 700×35 चे, बाजूला हवेचा दाब कमाल 75 पीएसआय छापलेला. मी शहाणा, सकाळी मोजून 75 भरली आणि सायकल दिवसभर उघड्यावर उभी केली. सकाळचे 28 अंश आणि उन्हात तापलेलं रबर यांत हवेचा दाब आठेक पीएसआय तरी चढतो. एप्रिलमध्ये दुपारी कंपनीच्या फाटकाबाहेर पडलो आणि दोनशे मीटरवर मागचं चाक बसलं. ट्यूब काढली तर नवीन पंक्चर नव्हतंच. जुन्या पॅचखालचं सोल्युशन वितळून चिकट झालं होतं आणि पॅच एका बाजूने उचलला गेला होता, पापडासारखा. पंक्चरवाले काका म्हणाले, ‘‘भाऊ, उन्हाळ्यात पॅचवर भरवसा नाही ठेवायचा, ट्यूब बदला.’’ तेव्हापासून 65 च भरतो, सायकल शेडखाली लावतो आणि पिशवीत नवी ट्यूब असते.

इन्सुलेटेड बाटली साडेआठशेची. ‘चार तास थंड’ लिहिलं होतं, पण बर्फ घालून सकाळी भरलेलं पाणी साडेतीनला कोमटच लागतं. म्हणून आता सुटायच्या आधी कूलरवरून भरतो, घरापर्यंत गार राहतं. त्याआधी स्टीलची थर्मास बाटली घेतली होती. ती स्टँडमध्ये बसेना, खड्ड्यात खडखडायची. प्लास्टिकच्या तोटीला मात्र महिन्याभरात वास येतो. बारीक ब्रश घेऊन खायच्या सोड्याने घासावी लागते. पाण्यात ओआरएस, लिटरला एक पाकीट. पाकीट नसलं तर लिटरला चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. पन्हं घरी पोचल्यावर.

हाताच्या पांढऱ्या बाह्या आणि सुती दुपट्टा, दोन्ही ओले करून. यात नागपूरकराला नवीन काही नाही, घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि गारवा देतं. मे महिन्यात हेल्मेटखालचा दुपट्टा हिंगणा टी पॉइंटपर्यंत वाळलेला असायचा, तिथे थांबून पुन्हा ओला करायचो. जूनच्या पहिल्या सरीनंतर हा प्रकार एकदम बंद पडला. ओला दुपट्टा अंगाला चिकटून नुसती उकाड्यात भर घालतो, घरच्या कूलरचंही तेच.

साखळीला मेणाचं ड्राय ल्यूब, म्हणजे कोरडं वंगण. रिंग रोडची धूळ आधीच्या ओल्या तेलात कालवली जाऊन काळा लगदा व्हायचा, तो गेला. लावण्याआधी साखळी रॉकेलने धुवून कोरडी करावी लागते आणि लावल्यावर रात्रभर वाळू द्यावी लागते, घाई केली की फुकट. पावसात मात्र एका फेरीत धुऊन जातं आणि साखळी चिमणीसारखी चिवचिवते. परवाच पुन्हा तेलावर आलो.

पैसे वाया गेले ते जेलच्या सीट कव्हरमध्ये. तापलं की तव्यावर बसल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा ओलं फडकं टाकून ठेवलेलं बरं. रबरी ग्रिपही मेमध्ये हाताला चिकटायला लागल्या, त्यावर सुती पट्टी गुंडाळली.

शरीराचं म्हणाल तर त्याला पैसा लागत नाही, दिवस लागतात. मार्चमध्येच दुपारची फेरी सुरू केली होती. पहिले दहा-बारा दिवस घरी आल्यावर डोकं ठणकायचं, मग आपोआप थांबलं. एप्रिलमध्ये लग्नासाठी आठ दिवस गावी राहिलो आणि अर्धी सवय मोडली. आणि नवतप्यात, म्हणजे 25 मेपासून नऊ दिवस, मी सायकल काढलीच नाही, सोबतच्या भाऊंच्या स्कूटरवर मागे बसून आलो. त्यांनी रोज विचारलं, ‘‘काऊन बाप्पा, आज सायकल नाही?’’ मी रोज पंक्चर सांगितलं.