ट्रान्सफॉर्मर जळालाच नव्हता: माझे 36,500 रुपये कसे गेले

लिहायला लाज वाटते. पण गप्प बसलो तर तो दुरुस्तीवाला उद्या दुसऱ्या कुणाचा तरी गळा असाच कापेल.

माझा गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, 1974चा, फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब. काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी अमेरिकेहून आणलेला. ते गेल्यावर माझ्याकडे आला. डिसेंबरात तो घुमायला लागला. गिटार लावा न लावा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, घूंऽऽ तेवढंच. पुण्यात व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पला हात लावणारं कुणी मिळेना, तेव्हा ओळखीच्या एका गिटारवाल्याने मुंबईतला एक माणूस सुचवला.

तपासणीचे 1,500 आधीच घेतले. दोन दिवसांनी फोन आला: "सर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर पूर्ण जळालाय. अमेरिकेहून मागवावा लागेल, 18,000." मी मुंबईला गेलो. त्याने माझ्यासमोर मीटर लावला, पडद्यावर नुसता 1 आला. "बघा, ओपन आहे, आतली तार तुटलीय." मी मान हलवली.

इथेच कळायला हवं होतं. घुमण्याचा आवाज येत कुठून होता? स्पीकरमधून. आणि व्हॉल्व्हकडून स्पीकरला जे काही पोचतं ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधूनच पोचतं. तो खरंच तुटला असता तर अ‍ॅम्प मुका झाला असता, घुमला नसता. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरला वार्निशचा करपट वास येतो, माझ्या अ‍ॅम्पला तसला वास कधीच नव्हता. मीटरची कळ 200 ओहमवर होती, हेसुद्धा मला लख्ख आठवतं. प्रायमरीचा, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स त्याहून जास्त असेल तर चांगल्या ट्रान्सफॉर्मरवरही मीटर 1च दाखवतो, म्हणजे ‘मापाबाहेर’. तो 1 अजून डोळ्यांपुढून जात नाही.

कुणी म्हणेल, बारा वर्षं गिटार शिकवतोस आणि एवढं कळलं नाही? नाही कळलं. वाजवणं वेगळं, आतलं काम वेगळं. आत 400 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो, म्हणून मी कधी आत हात घातला नाही. तुम्हीही शिकल्याशिवाय घालू नका.

मग 6व्ही6 व्हॉल्व्हची जोडी बदलायला 12,800, मग ‘बायस सेटिंग’चे, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट जुळवायचे, 4,200. सगळे पैसे यूपीआयने, पावती एकही नाही. जुने भाग मागितले तर म्हणाला, "भंगारात गेले." जुना भाग हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका, त्याचा कोळसा झालेला असला तरी.

नऊ दिवसांनी पुन्हा घूंऽऽ. त्याने फोन उचलणं बंद केलं.

शेवटी कोल्हापूरच्या एका वयस्कर रेडिओ मेकॅनिकने अ‍ॅम्प उघडला. विजेतली घुरघुर गाळणारे फिल्टर कपॅसिटर पन्नास वर्षांचे, सुकलेले. एकावर स्वस्तातला कपॅसिटर नुसता टेकवून डाग दिलेला. त्यांनी सगळे बदलले, 3,850 रुपये घेतले, घुमणं थांबलं. माझा दोष मुळात एवढाच होता! मग त्यांनी ट्रान्सफॉर्मर दाखवला. कुठेतरी गुंडाळून आणलेला, कसलाही छाप नसलेला. 2019मध्ये साफसफाई करताना मी मागची फळी काढून फोटो काढला होता, त्यात मूळ ट्रान्सफॉर्मरवर 606414 स्पष्ट वाचता येतं. 606 म्हणजे शूमाकर कंपनी, पुढे वर्ष आणि आठवडा. काकांचे आरसीए कंपनीचे व्हॉल्व्हही गेले. दुरुस्तीला द्यायच्या आधी असे फोटो काढाच, व्हॉल्व्हवरच्या अक्षरांसकट.

फोटो घेऊन पोलिसांकडे गेलो. "रेडिओ दुरुस्तीला 36 हजार? तुम्ही स्वतःच दिलेत ना? दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, माझी वस्तू चोरून दुसरी बसवली आहे. "मुंबईत जा." मुंबईत गेलो. "राहता पुण्यात ना? तिकडे करा." तीन फेऱ्या, दोन दिवसांची शिकवणी बुडाली, हातात एक एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद. फसवून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4)चा दखलपात्र गुन्हा आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173प्रमाणे हद्द कुठलीही असो, अशा गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. हे मला नंतर कळलं. तुम्ही कलमं कागदावर लिहून न्या, नाहीतर बाकड्यावर बसवून ठेवतात. तपासायची कुणाला इच्छाच नव्हती. फोटोकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि वर मलाच विचारलं की एवढा महाग अ‍ॅम्प हवा कशाला!

ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतो.

606414 छापाचा ट्रान्सफॉर्मर कुठे विकायला दिसला तर मला कळवा. तो काकांच्या अ‍ॅम्पचा असू शकतो.