मोटरसायकलचा टायर: घरी बदलायचा की दुकानात?

नवा टायर आणलाय, पण बसवायचा कुठे हे ठरत नसेल, तर आधी खर्च बघा. दुकानात दर वेळी मजुरी; घरी टायर उचकटायचे तीन लिव्हर, रिम प्रोटेक्टर, स्टँड आणि टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) एकदाच. दोन-तीन वर्षांतून एक टायर बदलणाऱ्याचे हे पैसे वसूल होत नाहीत.

खरी कुस्ती बीडशी, म्हणजे टायरच्या रिमवर घट्ट बसणाऱ्या कडक कडेशी. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, कडांना साबणपाणी लावा. चढवताना समोरची बीड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा. ती वर राहिली की टायर चढत नाही, ट्यूब चिमटते, अलॉयवर ओरखडे येतात. ट्यूबलेसची बीड पायपंपाने सहसा बसत नाही. चाक कंप्रेसरपर्यंत न्यावंच लागतं.

बॅलन्सिंगला (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायला) मात्र घरच सरस, कारण नाक्यावरचे पंक्चरवाले ते बहुधा करतच नाहीत. ॲक्सल दोन स्टँडवर ठेवून चाक मोकळं सोडा. जड बाजू खाली थांबते. तिच्या बरोबर समोर ५-५ ग्रॅमची वजनं चिकटवत जा, चाक कुठेही सोडलं तरी जागचं हलेनासं होईपर्यंत.

ठाणे-वाशी रोजची धाव आणि ट्यूबवाली गाडी असेल तर अवजारं घ्या. ट्यूबलेस अलॉय, वर फ्लॅटमध्ये जागेची बोंब? मशीनवाल्या दुकानातच जा.