तडा कुणी शोधायचा: व्हॅक्यूमची पट्टी, पीझोची चकती की काचेचा धागा?

विमानाच्या पंखाच्या मुळाशी, इंधनाच्या टाकीच्या आत बसलेलं एखादं फिटिंग तपासायचं असेल तर खरी तपासणी पंधरा-वीस मिनिटांची असते. एडी करंटचा (धातूत प्रवाह निर्माण करून तडा हुडकणारा) पेन्सिल प्रोब छिद्राभोवती फिरवायचा, पडद्यावरची रेघ पाहायची, नोंद करायची. पण तिथवर पोचण्यासाठी टाकी रिकामी करा, तिच्यात हवा खेळवा, वायूची पातळी मोजा, पॅनेल उतरवा. मग एक जण आत सरकतो आणि दुसरा तोंडाशी थांबतो. अख्खी पाळी यातच जाते. शिवाय सीलंट खरवडताना पत्र्यावर नवा ओरखडा उठेल की काय, ही धास्ती असतेच.

सेन्सर कायमचा चिकटवून ठेवायचा विचार या पोचण्याच्या खर्चातून येतो. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात एअर इंडियासाठी उभारलेली मोठ्या विमानांच्या देखभालीची सोय आहे, आजूबाजूला सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. त्यामुळे नागपुरात हा निर्णय घ्यावा लागणारे, किंवा त्यावर प्रोजेक्ट करणारे, बरेच जण भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोणता सेन्सर चांगला?’ मी उलट विचारतो, नुकसान कुठे होणार हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे का? निवड जवळजवळ या उत्तरावरच ठरते.

जागा नेमकी माहीत असेल आणि भाग धातूचा असेल, तर व्हॅक्यूमची पट्टी. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला सीव्हीएम म्हणतात. पातळ, लवचिक पट्टीच्या पोटात बारीक नळ्या शेजारी-शेजारी असतात. एकीत निर्वात, पुढचीत साधी हवा. खालच्या पत्र्याला तडा गेला की त्या दोन नळ्या तड्यातून एकमेकींना जोडल्या जातात आणि निर्वात टिकत नाही. यंत्र जोडा, निर्वात धरतो का पाहा, झालं. विमानावर वीज लागत नाही, सिग्नलचा अर्थ लावत बसावं लागत नाही. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने डेल्टा एअरलाइन्स आणि बोइंगबरोबर ७३७ च्या विंग बॉक्स फिटिंगवर हीच पद्धत पडताळली, आणि पुढे बोइंगच्या तपासणी मॅन्युअलमध्ये तिला जागा मिळाली. मान्यतेच्या वाटेवर तिघांत हीच सर्वांत पुढे आहे.

तिची मर्यादाही स्पष्ट आहे. पट्टीखाली आणि पृष्ठभागावर उघडणारा तडाच तिला कळतो. बोटभर पलीकडे काय चाललंय, याचा तिला पत्ता नसतो. चिकटवण्याआधी पृष्ठभाग नीट साफ केला नाही तर पट्टी स्वतःच गळते.

नुकसान कुठेही होऊ शकत असेल तर चित्र बदलतं. बोइंग ७८७ च्या रचनेच्या वजनात जवळपास निम्मा वाटा कंपोझिटचा (कार्बनचे धागे आणि रेझिन यांच्या थरांचा) आहे, आणि त्याच्या जमिनीखालच्या कंपोझिट बीम टाटा समूहाने इथेच, मिहानमध्ये बनवल्या. कंपोझिटला सामानाच्या गाडीचा धक्का लागला तर वरून नुसता पुसट खळगा दिसतो, कधी तोही दिसत नाही. आत मात्र थर सुटलेले असतात. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं हँगरमध्ये नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकून पाहतात. पीझोची चकती हेच काम जास्त बारकाईने करते. तिला व्होल्टेज दिलं की ती थरथरते, पत्र्यातून लहर धावते, दुसरी चकती ती ऐकते. वाटेत थर सुटले असतील तर लहरीचा आकार बदलतो. मोजक्या चकत्यांमध्ये बरंच क्षेत्र झाकलं जातं. सामानाच्या दाराभोवतीच्या भागासाठी मी तरी हीच निवडेन.

पण ‘बदलतो’ म्हणजे कशाच्या तुलनेत? चांगल्या अवस्थेत घेतलेल्या नोंदीच्या तुलनेत. नागपूरकराने इथे थांबून विचार करायला हवा. आम्ही एकदा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चार चकत्या चिकटवून जानेवारीच्या सकाळी मूळ नोंद घेतली. मे महिन्यात, ऐन नवतपात, तोच पत्रा पुन्हा मोजला तर सॉफ्टवेअरने ठळक नुकसान दाखवलं. अल्ट्रासॉनिकने कोपरा न कोपरा तपासला. पत्रा धडधाकट होता. तापमान वाढलं की लहरीचा वेग घटतो, गोंद मऊ होतो, चकतीचा प्रतिसादही बदलतो. हे सगळं मिळून तड्याच्या खुणेपेक्षा मोठं भरतं. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या आसपास आणि मेमध्ये पंचेचाळीसच्या वर. उन्हात उभ्या विमानाचा पत्रा तर हवेपेक्षाही कितीतरी तापतो. उपाय आहे: वेगवेगळ्या तापमानांना मूळ नोंदी घेऊन ठेवायच्या आणि मोजताना जवळची निवडायची. म्हणजे बसवणीनंतरचं पहिलं वर्ष नोंदी गोळा करण्यात जाईल हे गृहीत धरा. कोटेशनमध्ये हा वेळ मांडलेला नसतो.

तिसरा पर्याय काचेच्या धाग्याचा, फायबर ब्रॅग ग्रेटिंगचा. केसासारख्या एका धाग्यावर अनेक ठिकाणी स्ट्रेन, म्हणजे भाराने लांबीत पडणारा फरक, मोजता येतो, विद्युतचुंबकीय गोंधळाचा त्यावर परिणाम होत नाही, वजन नगण्य. गैरसमजही याच्याचबद्दल सर्वांत जास्त आहेत. धागा तडा शोधत नाही, तो भार सांगतो. तडा धाग्याच्या अगदी जवळ असेल तरच स्ट्रेनमधला फरक दिसतो. तापमान इथेही पाठ सोडत नाही. ग्रेटिंगवरून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपास असेल, तर एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक फरक) ती साधारण १.२ पिकोमीटर सरकते, तर एका अंशाला साधारण १०. चाळीस अंशांचा फरक पडला की नुसत्या काचेतच ४०० पिकोमीटर, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त मायक्रोस्ट्रेनचा भास; ॲल्युमिनियमचं स्वतःचं प्रसरण त्याहून वेगळं. म्हणून शेजारी भार न येणारं एक मोकळं ग्रेटिंग हवंच. कंपोझिटच्या थरांत पुरलेला धागा जिथून बाहेर येतो तिथेच तो मोडतो, आणि मोडला की बदलता येत नाही. पंखावर प्रत्यक्ष किती भार आला याची नोंद ठेवून आयुष्याचा हिशेब करायचा असेल तर धागा उत्तम. ‘तडा आहे की नाही’ एवढंच हवं असेल तर त्यावर पैसे घालू नका.

अकूस्टिक एमिशनचा, म्हणजे वाढत्या तड्याचा आवाज ऐकण्याचा, पर्यायही लोक सुचवतात. पूर्ण विमानाच्या चाचणीत तो उपयोगी आहे, पण उडत्या विमानात रिव्हेटची कुरकुर आणि हायड्रॉलिकचा गोंगाट इतका असतो की मी सध्या त्या वाटेला जाणार नाही.

काहीच न चिकटवणं हाही एक पर्याय आहे. जे पॅनेल सी-चेकला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या तपासणीला, तसंही उघडतं, तिथे एडी करंटवाला माणूस स्वस्त आणि भरवशाचा. आणि २८ एप्रिल १९८८ ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत उडालं, ते आठवा. ८९,६८० उड्डाणं झालेल्या त्या विमानात जोडावरच्या रिव्हेटच्या ओळीत अनेक बारीक तडे होते आणि ते एकमेकांना मिळाले. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला भेग दिसली होती, तिने ती कुणाला सांगितली नाही. एका छिद्रावर लावलेल्या सेन्सरला अशी लांबलचक ओळ झेपत नाही. तिथे पूर्ण जोड तपासणारी माणसंच हवीत.

विक्रेता समोर बसला की त्याला दोन गोष्टी विचारा. तुमच्याच जाडीच्या, तुमच्याच आकाराच्या भागावर ९० टक्के शक्यतेने आणि ९५ टक्के विश्वासाने किती लांबीचा तडा सापडतो? सपाट नमुन्यावरचा आकडा घेऊ नका. आणि ही मोजणी निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये किंवा मंजूर बदलात बसते का? बसत नसेल तर सेन्सर काहीही सांगो, ठरलेली तपासणी करावीच लागेल आणि खर्च दुप्पट होईल. वाहन-विमान अभियांत्रिकीची मानकं काढणाऱ्या एसएई संस्थेचं, २०१३ मध्ये पहिल्यांदा आलेलं एआरपी ६४६१ हे मार्गदर्शक या कामासाठीच आहे. करारात त्याचा उल्लेख असू द्या.

शेवटी ड्रॉइंगवर कनेक्टर कुठे आहे ते पाहा. तो चाकाच्या खोबणीत, उभ्याने हात पोचेल असा असायला हवा. तो टाकीच्या आत असेल तर पॅनेल पुन्हा उतरवावंच लागेल.