लाकडी घाण्याचे तेल: किलोचा भाव, लिटरची बाटली आणि मधली घनता

पुण्याच्या उपनगरांत लाकडी घाण्याची दुकाने आता गल्लोगल्ली दिसतात. त्यांपैकी आमच्या घराजवळच्या एका दुकानातून आम्ही शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरेल अशी चारही तेले नियमित घेतो. तेलाचा वास, रंग आणि त्यात तळलेल्या पुऱ्या यांविषयी सगळेच लिहितात, आणि या दुकानाच्या बाबतीत त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही; शेंगदाणा तेल फोडणीत फेसाळत नाही आणि बाटलीच्या तळाशी बसणारा गाळही बेताचा असतो. मला येथे लिहायचे आहे ते मापाविषयी. किलोला दोनशेच्या आसपास मिळणाऱ्या कारखान्याच्या तेलाऐवजी तीनशेच्या वरचे तेल घेणाऱ्या ग्राहकाने आपल्याला नेमके किती तेल मिळाले हे पाहणे गैर नाही, आणि या धंद्यात ते पाहणे वाटते तितके सरळ नसते.

अडचण अशी की काही दुकाने भाव किलोवर सांगतात, काही लिटरवर, आणि ग्राहक दोन्ही आकडे एकाच रांगेत मांडून मोकळा होतो. आमच्या दुकानात शेंगदाणा तेलाचा भाव किलोला ३२० रुपये आहे, तर दोन चौक पलीकडच्या दुसऱ्या घाण्यावर लिटरला ३०० रुपये. ऐकणाऱ्याला दुसरे दुकान वीस रुपयांनी स्वस्त वाटते. परंतु तेल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे एक लिटर तेलाचे वजन एक किलो भरत नाही. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे शाळेतले सूत्र येथे उपयोगी पडते: शेंगदाणा तेलाची घनता दर मिलिलिटरला सुमारे ०.९११ ग्रॅम धरली, तर ३०० रुपयांत ९११ ग्रॅम तेल मिळते आणि ३०० भागिले ०.९११ केल्यास किलोचा भाव ३२९ रुपयांच्या वर जातो. म्हणजे स्वस्त वाटणारे दुकान प्रत्यक्षात किलोमागे नऊ रुपयांनी महाग आहे. ग्रॅम दर मिलिलिटर, किलो दर लिटर आणि टन दर घनमीटर या तिन्ही एककांत हा आकडा तोच राहतो. फक्त किलो दर घनमीटर असे लिहायचे झाल्यास त्याला हजाराने गुणून ९११ लिहावे लागते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात हे शेवटचे रूप दिसते, दुकानातल्या हिशेबाला पहिली दोन पुरतात.

०.९११ हा आकडा मी कोणत्याही तक्त्यातून उचललेला नाही. या दुकानातून आणलेल्या तेलावरच तो मोजला. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि अरुंद तोंडाची काचेची बाटली एवढे साहित्य पुरले. मोजपात्रात २०० मिलिलिटरच्या रेघेपर्यंत तेल ओतून वजन करण्याची पद्धत सोपी असली, तरी तिच्यात रेघ वाचताना मिलिलिटर दोन मिलिलिटर इकडेतिकडे होतात आणि उत्तर एक टक्क्याने सहज चुकते. त्याऐवजी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा, ती काठोकाठ पाण्याने भरायची, बाहेरचा ओलावा पुसायचा आणि वजन टिपायचे. मग ती धुऊन पूर्ण वाळवून त्याच काठापर्यंत तेलाने भरायची. पाणी भरले १००३ ग्रॅम. त्या वेळी खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअस होते आणि त्या तापमानाला पाण्याची घनता ०.९९६५ असते, म्हणून बाटलीचे खरे आकारमान १००३ भागिले ०.९९६५, म्हणजे १००६.५ मिलिलिटर निघाले. तेल भरले ९१७ ग्रॅम. ९१७ भागिले १००६.५ केले की ०.९११ येते. बाटलीवर कंपनीने कोणतेही आकारमान छापलेले असो, त्यावर विसंबावे लागत नाही, हा या रीतीचा मोठा गुण आहे. मात्र ताज्या घाण्याचे तेल आणल्याबरोबर मोजू नये. गाळ खाली बसू द्यावा आणि तेल खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

आता दुकानाच्या बाटल्यांकडे वळतो. दुकानदार काकांच्या मागे भरण्याचे टेबल आहे आणि भरणी ग्राहकाच्या डोळ्यांदेखत होते. रिकामी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्य केला जातो, टाकीच्या नळातून तेलाची धार सोडली जाते आणि आकडा ९०० च्या पुढे गेला की नळ जवळजवळ बंद करून शेवटचे काही ग्रॅम थेंबाथेंबाने सोडले जातात. त्यानंतर झाकणावर सील बसते. इलेक्ट्रॉनिक काट्याची वजनमापे खात्याकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. येथे तो शिक्का चालू वर्षाचा आहे आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे. लेबलावर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असे दोन्ही आकडे छापलेले आहेत. घरी तपासले तेव्हा शेंगदाण्याची भरलेली बाटली ९४१ ग्रॅम भरली, आणि तेल संपल्यावर साबणाने धुऊन वाळवलेली बाटली झाकणासह ३० ग्रॅम, म्हणजे निव्वळ तेल ९११ ग्रॅम. ५ लिटरच्या कॅनवर ४.५५ किलो छापलेले आहे. कॅन भरून ४.७४२ किलो आणि रिकामा ०.१९० किलो, म्हणजे तेल ४.५५२ किलो, जे ०.९११ ने भागल्यास ४.९९७ लिटर होते. एवढा फरक माझ्या काट्याच्या क्षमतेच्या आतला आहे आणि त्यावरून बोट दाखवणे अन्यायाचे ठरेल.

दोन्ही आकडे छापण्यामागे केवळ दुकानदाराचा चांगुलपणा नाही. तेल तापले की फुगते, त्यामुळे आकारमान सांगताना तापमान गृहीत धरलेले असते. काही पॅकिंगवाले पूर्वी आकारमानाच्या शेजारी बारीक अक्षरांत ६० अंश सेल्सिअस असे छापत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेलाच्या उत्पादकांना, पॅकिंग करणाऱ्यांना आणि आयातदारांना तापमानाचा उल्लेख न करता आकारमान आणि त्याबरोबर योग्य वजनही छापण्यास सांगितले आणि दुरुस्तीसाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. त्या वेळी विभागाने दिलेले उदाहरण सोयाबीन तेलाचे होते: २१ अंशांना लिटरभर तेलाचे वजन ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. ३९ अंशांत २६.४ ग्रॅम घट, म्हणजे दर अंशामागे साधारण ०.६८ ग्रॅम. शेंगदाणा तेलाला हाच हिशेब लावला, तर थंडीच्या सकाळी १५ अंशांना लिटरचे माप ९१९ ग्रॅम तेल देईल आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंशांना ९०२ ग्रॅम. ५ लिटरच्या खरेदीत हा फरक ८५ ग्रॅमचा, म्हणजे ३२० च्या भावाने सत्तावीस रुपयांचा होतो. मापाने तेल ओतून देणाऱ्या दुकानात उन्हाळ्यातला ग्राहक कोणाच्याही लबाडीशिवाय थोडा तोट्यात जातो. वजनावर भरणाऱ्या या दुकानात तसे होत नाही, आणि मी येथेच टिकून राहण्याचे ते मुख्य कारण आहे.

दोष आहे तो करडईच्या बाटलीत. करडईचे तेल शेंगदाण्यापेक्षा किंचित जड असते. शेंगदाणा तेल मोजलेल्या त्याच काचेच्या बाटलीत ते ९२६ ग्रॅम भरले, म्हणजे घनता ०.९२० आली. दुकानात मात्र सगळ्या तेलांच्या लेबलांवर १ लिटर म्हणजे ९१० ग्रॅम असा एकच आकडा छापलेला आहे आणि भरणीही त्याच आकड्यावर थांबते. ९१० ग्रॅम करडई तेलाचे आकारमान ९८९ मिलिलिटर होते, म्हणजे लिटर म्हणून घेतलेल्या बाटलीत ११ मिलिलिटर तेल कमी. पैशांत ही रक्कम तीन-चार रुपयांच्या पुढे जात नाही आणि तिच्यावरून कोणी दुकान सोडावे असे मी म्हणणार नाही. पण एका लेबलावर दोन आकडे छापायचे, तर ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी वाद न घालता कॅल्क्युलेटर पुढे ओढला, दोनदा भागाकार करून पाहिला आणि "पुढच्या छपाईला करडईचं लेबल वेगळं करतो" असे म्हटले. नवी लेबले अजून आलेली नाहीत.

मोठ्या कुटुंबांनी आणि खानावळी चालवणाऱ्यांनी डबा घेताना अधिक सावध राहावे. बाजारात १५ किलोचा आणि १५ लिटरचा असे दोन्ही डबे मिळतात, बाहेरून ते जवळजवळ सारखेच दिसतात आणि बोलताना दोघांनाही "पंधराचा डबा" म्हणतात. शेंगदाणा तेलाच्या १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल असते. १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६६५ ग्रॅम. फरक १ किलो ३३५ ग्रॅमचा, म्हणजे येथील भावाने ४२७ रुपयांचा. आमच्या दुकानात फक्त १५ किलोचा डबा मिळतो आणि तसे ठळक अक्षरांत लिहिलेलेही आहे. किराणा दुकानांतल्या पिशव्यांचीही हीच गत आहे: पिशवीचा आकार तोच, पण आत ९१० ऐवजी ८५० ग्रॅम असतील, तर ते ९३३ मिलिलिटरच भरते.

या मोजमापाकडून कोणी शुद्धतेच्या दाखल्याची अपेक्षा करू नये. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, तीळ या तेलांच्या घनता एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की स्वस्त तेलाची भेसळ केली, तरी घरच्या काट्यावर तिसऱ्या दशांश स्थळी जेमतेम फरक पडेल. घनतेवरून किती तेल मिळाले हे कळते. कोणते तेल मिळाले हे ठरवायला प्रयोगशाळाच लागते. दुकानातल्या फलकावर "घनता तपासलेले शुद्ध तेल" असे एक वाक्य आहे, ते मात्र काकांनी काढून टाकावे.

स्वतःचे शेंगदाणे देऊन तेल काढून घेण्याची सोयही येथे आहे. साधारण अडीच किलो दाण्यांना एक किलो तेल, हा त्यांचा अंदाज आमच्या बाबतीत खरा ठरला आणि पेंड परत मिळाली. या कामात तेल वजन करूनच देतात, त्यामुळे हिशेब जागच्या जागी जुळतो. खोबरेलही मी किलोवरच घेतो, कारण पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते गोठू लागते, आकसते आणि बाटलीतली पातळी उतरलेली दिसते. वजन मात्र तेवढेच राहते. करडई घ्यायची असल्यास तूर्त बाटली न घेता किलोचा कॅन मागावा, तो लेबलाप्रमाणे पुरेपूर भरतो.