नव्वद मिनिटे साथ देणारी फ्रेंच रेड वाइन

फुटबॉलचा सामना पाहताना प्यायची वाइन आणि निवांत जेवताना प्यायची वाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मेदोकच्या एका बाटलीमुळे उमगले. मेदोक हा बोर्दोमधील भाग असून काबर्ने सोव्हिन्यों हे तिथले प्रमुख द्राक्ष आहे. बाटली जेमतेम तीन वर्षांची होती आणि मी ती सामना सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी उघडली. पूर्वार्धभर प्रत्येक घोटासरशी हिरड्या आवळून येत होत्या. हवा लागून वाइन मोकळी होऊ लागली, तोवर पंचांची शेवटची शिट्टी वाजायची वेळ झाली होती. वाइन उत्तम होती, पण प्रसंग तिचा नव्हता.

त्यानंतर गेल्या मोसमात मी निरनिराळ्या सामन्यांच्या वेळी फ्रान्सच्या चार प्रांतांतील रेड वाइन जाणीवपूर्वक पिऊन पाहिल्या. कसोटी साधी ठेवली होती: नजर पडद्यावर असताना, मन पेल्याकडे नसतानाही घोट सुखद लागला पाहिजे आणि ऐंशीव्या मिनिटालाही पुढचा घोट घ्यावासा वाटला पाहिजे.

या कसोटीवर बोजोले प्रांताची वाइन निर्विवादपणे पुढे आहे. तिथे गामे या द्राक्षाचे घड बहुधा न चिरडता, अख्खेच टाकीत भरतात. कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या त्या टाकीत आंबण्याची क्रिया द्राक्षाच्या आतच सुरू होते आणि सालीतील टॅनिन हे तुरट द्रव्य वाइनमध्ये कमी उतरते. त्यामुळे तुरटपणा मवाळ राहतो आणि फळाचा ताजेपणा टिकतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी बोजोले नूव्हो हीच काय ती बोजोले, असा अनेकांचा समज असतो, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. या प्रांतात स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी दहा गावे व टेकड्या आहेत, त्यांना ‘क्रू’ म्हणतात; मोर्गों, फ्लरी, ब्रुयी, मुलँ-आ-व्हाँ ही त्यांतली काही. त्यांच्या लेबलावर क्रूचेच नाव मोठ्या अक्षरांत असते आणि ‘बोजोले’ हा शब्द पुष्कळदा नसतोच, म्हणून खरेदी करताना ही नावे लक्षात ठेवावीत.

माझी पसंती मोर्गोंला आहे. बाटली फ्रिजमध्ये ठेवून साधारण १३ अंश सेल्सिअसला पेल्यात ओतली, तर सुरुवातीला लाल चेरीची चुणचुणीत, जवळजवळ कुरकुरीत अशी चव लागते. मध्यंतरापर्यंत पेला तळहाताच्या उबेने थोडा तापतो आणि त्याच वाइनमध्ये पिकलेल्या आलुबुखारची व ओल्या मातीची झाक उमटते. उत्तरार्धासाठी दुसरी बाटली शोधावी लागत नाही. पहिलीच बदलत जाते. फ्लरी याहून नाजूक व फुलांच्या वासाची आहे, पण गोंगाटात तिचा गंध हरवतो. ती शांत संध्याकाळी प्यावी.

लवार नदीच्या खोऱ्यातील शिनॉन ही माझी दुसरी निवड. काबर्ने फ्रँ या द्राक्षाची ही वाइन किंचित हिरव्या ढोबळी मिरचीच्या व पेन्सिलच्या शिशाच्या वासाची असते. हा वास सर्वांनाच रुचतो असे नाही, परंतु तिची आंबट धार खारट व तळलेल्या पदार्थांबरोबर तोंड स्वच्छ करते. ती बोजोलेसारखीच थोडी थंड करावी.

रोन नदीच्या खोऱ्यातील कोत द्यु रोन बहुतेकांना आवडते, कारण ग्रनाश द्राक्षाचा गोलसर गोडवा आणि सिरा द्राक्षाचा मिरीसारखा झणका तिच्यात एकत्र येतो. अडचण मद्यार्काची आहे. लेबलावर १४ टक्के किंवा त्याहून अधिक आकडा सहज आढळतो; दुसऱ्या पेल्यानंतर लक्ष ढळू लागते, आणि सोबत तिखट काही असेल तर मद्यार्कामुळे तोंडाची आग वाढते. थंडीच्या दिवसांत, पोटभर जेवणासह आणि एकच पेला, एवढ्यापुरती ती योग्य आहे. बरगंडी प्रांतातील पिनो न्वार या द्राक्षाच्या वाइनबद्दल एवढेच सांगतो की, पेनल्टीच्या क्षणी ती नकळत घशाखाली उतरली तर नंतर हळहळ वाटते.

प्रमाणाविषयीही लिहिले पाहिजे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा पेले होतात, म्हणजे तिघांना दोन्ही अर्धांत प्रत्येकी एक. प्रत्येकाजवळ पाणी असावेच. लांब दांड्याच्या पेल्याऐवजी जाड बुडाचा, बिनदांड्याचा पेला घ्यावा आणि तो एकतृतीयांशच भरावा; गोल झाला की शेजारी बसलेला माणूस उडी मारून उठतोच, आणि मोर्गोंचा जांभळट डाग गालिच्यातून लवकर निघत नाही. बाटलीत काही उरले तर बूच घट्ट लावून ती फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी मोर्गोंची चव मला कित्येकदा आदल्या रात्रीपेक्षा अधिक मुरलेली वाटली आहे.