महानगर की छोटं गाव: ओळखीचा हिशोब

महानगरात शेजारचं दार वर्षभर बंद असलं तरी कुणाला खटकत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच लिहिलं होतं, की एवढ्या गर्दीत माणूस अलिप्त राहूनच स्वतःला सांभाळतो. छोट्या गावात मात्र हीच अलिप्तता शिष्टपणा ठरते. सकाळी मान खाली घालून गेलो, की संध्याकाळपर्यंत विचारणा: ‘काय, बरं नाही का?’ सुरुवातीला ही चौकशी नकोशी व्हायची. तापाने पडलो तेव्हा न बोलावता माणसं दारात उभी राहिली, हेही खरं. सोयींत शहर सरस, त्यात वाद नाही. भांडायचं असेल तरी शहरच बरं. इथे गावात तोच माणूस उद्या रांगेत पुढे उभा असतो.