कार्डियाक टेबल: बिछान्यात बसून बायबल वाचायचं असेल तर

इंदूरच्या दवा बाजारातून आम्ही हे टेबल साडेचार हजारांना घेतलं. नाव कार्डियाक टेबल असलं तरी ते हृदयरोग्यांपुरतंच नाही. इंग्रजी 'सी'च्या आकाराचा लोखंडी पाया पलंगाखाली सरकतो आणि सनमायकाची फळी आपल्या पुढ्यात येते. ती वरखाली होते, तिरकीही होते. बहुतेक लोक जेवणाचं ताट आणि औषधं ठेवायला घेतात. मी घेतलं ते मुख्यतः पवित्र शास्त्र वाचायला, त्यामुळे त्याच अंगाने लिहिते.

मला जीबीएस, म्हणजे गिलेन-बॅरे सिंड्रोम, झाला होता. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात याचे रुग्ण वाढले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. मला तो नंतर, इथे इंदुरात झाला. आधी जुलाब, ते थांबले, मग काही दिवसांनी तळपायांना मुंग्या. त्या वर चढत गेल्या, पाय उचलेनात, मग हातही गेले. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आपल्या नसांवर उलटते, असं डॉक्टरांनी समजावलं. इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे शिरेतून द्यायच्या प्रतिपिंडांचा, पाच दिवसांचा कोर्स झाला. व्हेंटिलेटर लागला नाही, ही प्रभूची दया.

या आजारात ताकद साधारणपणे गेली त्याच्या उलट क्रमाने परत येते. आधी हात, पाय सगळ्यांत शेवटी. इजा खोलवर असेल तर नसेचा तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, आणि कमरेपासून बोटांपर्यंतचं अंतर तर केवढं! म्हणजे मध्ये असे महिने येतात की उशांना टेकून बसता येतं, हात थोडेफार चालतात, पण पलंगावरून उतरता येत नाही. हे टेबल त्या महिन्यांसाठी आहे.

आमच्या घरचं बायबल मोठ्या टायपाचं, माझ्या सासूबाईंचं. मांडीवर ठेवलं की मान दुखायची, हातात धरायचं तर ताकदच नव्हती. रात्री हे वाचून दाखवायचे. पण पहाटे तीनला पायांत आग सुरू व्हायची, सगळे झोपलेले असायचे, आणि तेव्हा वचन आपल्या डोळ्यांनी वाचायला मिळणं मला औषधाइतकं गरजेचं वाटायचं. म्हणून टेबल.

पहिली अडचण फळीच्या कडेची. पुस्तक घसरू नये म्हणून खाली पट्टी आहे, पण ती अगदीच बुटकी. मासिक थांबेल, एवढं जाड पुस्तक नाही. ह्यांनी सुताराकडून इंचभर उंच लाकडी पट्टी स्क्रूने बसवून घेतली. दुसरी अडचण पानांची. बायबलचा कागद किती पातळ असतो ते वाचणाऱ्यांना माहीत आहे, अधू बोटांनी एकदम पाच-सहा पानं उलटतात. ह्यांची सारी नोकरी बँकेत गेली. त्यांनी नोटा मोजायची रबरी टोपी माझ्या उजव्या तर्जनीवर चढवली. टोपीच्या बारीक दाण्यांनी पान अडायचं, मी मनगटासकट हात डावीकडे ओढायची आणि एकच पान अलगद उलटायचं. टेबल घेणाऱ्याने ही टोपीही घ्यावी, स्टेशनरीच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते.

त्या टोपीने मी स्तोत्रं वाचली आणि मार्कच्या दुसऱ्या अध्यायाशी पुनःपुन्हा आले. पक्षघाती माणसाला चौघं जण बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. लहानपणी नगरला रविवारच्या शाळेत ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल. पण स्वतः तशी पडल्यावर लक्षात आलं, की त्या साऱ्या प्रसंगात आजारी माणूस एक अक्षर बोलत नाही. येशू पाहतो तो त्यांचा विश्वास, उचलून आणणाऱ्यांचा.

आयसीयूत मला प्रार्थना करता आलीच नव्हती. 'प्रभू' एवढं म्हणायचे आणि पुढे शब्द नाहीत. त्याचं फार वाईट वाटत होतं. हा भाग वाचला आणि छातीवरचं ओझं उतरलं. माझ्या बाजेचे कोपरे दुसऱ्यांनी धरले होते. हे होते, चर्चच्या मंडळीतल्या बायका होत्या, रोज मऊ भात आणून स्वतःच्या हाताने भरवणाऱ्या शेजारच्या वहिनी होत्या. वहिनी गणपतीला गाऱ्हाणं घालत, ते मला माहीत आहे, आणि त्यांची माया प्रभूने मोजली आहे असं मी मनापासून मानते.

एक पाहुणे म्हणून गेले, विश्वास कमी पडला म्हणून आजार आला, आता गोळ्या सोडा आणि उपास करा. आजाऱ्याच्या उशाशी असं कुणी बोलू नये. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला, उत्तर मिळालं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' असं. आणि त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता. मी गोळ्या घेतल्या, व्यायाम केला, प्रार्थनाही केली.

व्यायामही याच टेबलावर. फिजिओथेरपिस्ट फळी आडवी करून वाटीभर राजमा ओतायचा, "आंटी, एकेक उचला." कणकेचा गोळा मळणं, बटणं लावणं, सगळं इथेच. आणि एका रविवारी पाळकसाहेब घरी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) द्यायला आले तेव्हा ह्यांनी फळीवर पांढरा कपडा अंथरला. रेव्हरंड टिळकांचं एक भजन म्हटलं. वहिनींना ते नवं, पण चाल अभंगाची, दुसऱ्या कडव्यापासून त्या सुरात सूर मिळवायला लागल्या. प्याला मी माझ्या दोन हातांनी धरून तोंडाला लावला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, कुणाच्या आधाराशिवाय.

आता उणिवा. उंची बदलायचा नॉब बाजूला आहे आणि घट्ट आहे, आजाऱ्याला स्वतः फिरवता येणार नाही. चाकं लहान, उंबरठ्यावर अडतात, चारांपैकी दोघांनाच ब्रेक. उठताना यावर भार मुळीच टाकू नका, टेबल कलंडतं, त्यासाठी वॉकरच हवा. आणि सर्वांत महत्त्वाचं, पलंगाखाली पाया जायला चार-पाच इंच मोकळी जागा लागते. आमचा पलंग पेटीचा, खाली जागाच नाही, त्यामुळे दवाखान्यासारखा फाउलर बेड भाड्याने आणावा लागला. त्याच दुकानात टेबलही भाड्याने मिळतं. हाड मोडल्यासारखं महिना-दोन महिन्यांचं दुखणं असेल तर भाडंच परवडेल. दुकानाच्या मुलाने घरी, लोकमान्य नगरला येऊन टेबल जोडून दिलं, वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता मी वॉकरवर घरातल्या घरात फिरते, रविवारी ह्यांच्या आधाराने उपासनेला जाते. टेबल अजून विकलेलं नाही. मंडळीतल्या एका आजोबांना अर्धांगाचा झटका आलाय, पुढच्या आठवड्यात पट्टीसकट त्यांच्याकडे पाठवणार आहोत. त्यांचा पलंग उंच आहे, पाया जाईल, हे ह्यांनी टेप लावून बघितलं आहे.